ध्रुव, दोरी आणि गाठी : अरबी समुद्रातल्या तारामार्गाची पार्श्वभूमी

मुंबई आणि पणजी यांच्या अक्षांशांत साधारण साडेतीन अंशांचा फरक आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ध्रुवतारा, आकाश ज्याभोवती फिरताना दिसतं त्या खऱ्या उत्तर ध्रुवबिंदूपासून जवळजवळ तेवढाच बाजूला होता. म्हणजे त्या काळी एखाद्याने ध्रुवाला अढळ मानून, भलत्या वेळी त्याची उंची मोजून गलबत हाकलं असतं, तर मुंबईच्या अक्षांशावर पोचलो असं समजून तो गोव्यासमोर उभा राहिला असता.

आपल्या भाषेत ध्रुव म्हणजे अढळपद. लग्नात नवरानवरीला तो दाखवतात तेही त्यासाठीच. दर्यावर्दी मात्र या अढळपणावर कधीच विसंबले नाहीत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरा पुरा करायला त्याला सुमारे 26,000 वर्षं लागतात, आणि त्यामुळे ध्रुवाची गादी एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाते. इसवीसनापूर्वी 2800 च्या सुमारास तिथे कालेय तारकासमूहातला ठुबान होता. आजचा ध्रुव ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाहूनही कमी अंतरावर आहे आणि 2100 च्या आसपास तो सर्वांत जवळ येईल. आपण सुदैवी पिढीतले, एवढंच.

मूळ तत्त्व सोपं आहे. ध्रुवबिंदू क्षितिजापासून जितके अंश वर, तितका आपला अक्षांश. मुंबईत तो एकोणीस अंशांवर असतो. हात ताठ समोर धरला की मिटलेली मूठ साधारण दहा अंश झाकते, म्हणजे दोन मुठींना थोडं कमी. कालिकतला मूठभर आणि वर एक बोट घालून झालं. विषुववृत्तापाशी ध्रुव पाण्याला टेकतो आणि पलीकडे गेलं की दिसेनासा होतो.

अरबी खलाशांनी याच बोटाचं माप केलं. इसबा म्हणजे बोट. एक इसबा सुमारे 1 अंश 37 कलांचा (60 कलांचा एक अंश). त्याचे आठ भाग, प्रत्येक भाग म्हणजे एक ‘झाम’. झाम हे अंतराचं माप खरं, पण ते वेळेत सांगत: तीन तासांत गलबत जेवढं काटेल तेवढं, म्हणजे आपल्या प्रहराएवढं. आठ प्रहरांची दिवसरात्र. थोडक्यात, चोवीस तास सरळ उत्तरेला गेलं की ध्रुव एक बोट वर चढतो. हिशेब करून पाहिला तर ताशी चार सागरी मैलांचा वेग निघतो, आणि चांगल्या वाऱ्यावर चालणाऱ्या शिडाच्या गलबताला तो शोभतो. आकाश, घड्याळ आणि गलबताची चाल एकाच मापात बसवणारी ही युक्ती मला तरी कुठल्याही पितळी यंत्रापेक्षा सुंदर वाटते.

दिशा ओळखायलाही तारेच. क्षितिजाचे 32 भाग पाडलेले, आणि बहुतेक भागांना तिथे उगवणाऱ्या किंवा मावळणाऱ्या ताऱ्याचं नाव. त्यातली बरीच मंडळी आपल्याच ओळखीची आहेत, फक्त नावं वेगळी: सुरय्या म्हणजे कृत्तिका, अय्यूक म्हणजे ब्रह्महृदय, सिमाक म्हणजे स्वाती, अकरब म्हणजे ज्येष्ठा. श्रवण उगवतो ती पूर्व. आणि सुहैल म्हणजे आपला अगस्त्य, समुद्र पिऊन टाकणारा. ऑगस्टअखेरीस आपल्याकडे तो पहाटे दक्षिणेला पुन्हा दिसू लागतो. तोवर पावसाचा जोर ओसरत आलेला असतो आणि नारळीपौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरायला लागलेल्या असतात.

उंची मोजायचं साधन म्हणजे कमाल. शिंगाची किंवा लाकडाची चौकोनी फळी, मधोमध भोक, त्यातून ओवलेली दोरी आणि दोरीला गाठी. गाठ दातांत धरायची, दोरी ताणून फळी डोळ्यांसमोर न्यायची. खालची कड पाण्याच्या रेषेला आणि वरची कड ताऱ्याला टेकली की त्या गाठीचा अक्षांश गाठला. कित्येकांच्या दोरीवर एकेक गाठ एकेका बंदराची असे. त्या बंदराच्या गाठीवर तारा बसेपर्यंत उत्तर-दक्षिण जायचं, मग तोच अक्षांश धरून सरळ किनाऱ्याकडे. ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून आपल्याला माहीत असलेला जेम्स प्रिन्सेप, त्यानेच 1836 साली कलकत्त्यात अरबी दर्यावर्दींच्या या साधनांवर टिपण छापलं. मुंबई विद्यापीठात भूगोल शिकवणारे प्राध्यापक बी. अरुणाचलम यांनीही पुढे कच्छपासून लक्षद्वीपपर्यंतचं हे देशी नौकानयन अभ्यासलं.

हे करून पाहायला पुठ्ठा पुरतो. दोरी 57 सेंटिमीटर धरली तर फळीचा एक सेंटिमीटर साधारण एक अंश भरतो. दापोलीजवळच्या मुरूडला, म्हणजे भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या जन्मगावी, 18 सेंटिमीटरची फळी घेऊन मी वाळूत उभा राहिलो होतो. पहिली फजिती लगेच झाली. कोकणात समुद्र पश्चिमेला, ध्रुव उत्तरेला, आणि उत्तरेला आडवा डोंगर. टेकायला पाण्याची रेषाच नाही! दुसरी फजिती अंधार पडल्यावर: तारे स्पष्ट झाले तेव्हा क्षितिज विरघळून गेलं होतं. म्हणून माप घ्यायचं ते संधिप्रकाशात किंवा चांदण्यात, आणि तेही किनाऱ्यापासून दूर.

आता पुन्हा त्या साडेतीन अंशांकडे. ध्रुव जर ध्रुवबिंदूभोवती घिरट्या घालत असेल तर मोजलेल्या उंचीत कधी मिळवायला हवं, कधी वजा करायला हवं. किती, हे कसं कळणार? त्या घटकेला कोणतं नक्षत्र माथ्यावर आहे त्यावरून. अरबांकडे चंद्राच्या 28 मंजिली होत्या, आपल्याकडे 27 नक्षत्रं, अभिजित धरलं तर 28. प्रत्येक मंजिलीसाठी दुरुस्तीचा आकडा ठरलेला, त्याला ‘बाशी’ म्हणत. जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल खैमाचा अहमद इब्न माजिद याने 1490 च्या सुमारास हे सगळं ग्रंथात बांधलं. त्याचं बाकीचं पुष्कळसं लेखन पद्यात आहे, कारण अंधारात डुलत्या गलबतावर पोथी उघडत नाहीत, पाठ म्हणतात.

वास्को द गामाला वाट दाखवली ती याच इब्न माजिदने, असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. ती गोष्ट सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एका अरबी बखरकाराची, म्हणजे प्रसंगानंतर सत्तरेक वर्षांनी लिहिलेली. पोर्तुगीज इतिहासकार बारोश मात्र वाटाड्याला गुजराती मुसलमान म्हणतो आणि नाव देतो ‘मालेमो काना’. हे माणसाचं नावच वाटत नाही. मालेमो म्हणजे मुअल्लिम, कच्छी-गुजरातीतला मालम, गलबताचा वाटाड्या. काना म्हणजे बहुधा गणक. हुद्द्यालाच नाव समजून बसले असावेत.

गामाने 24 एप्रिल 1498 रोजी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं मालिंदी सोडलं. 29 तारखेच्या रविवारी त्या सफरीच्या रोजनिशीत नोंद आहे की कित्येक दिवसांनी ध्रुवतारा पुन्हा दिसला. 18 मे रोजी मलबारचा किनारा. बारोशने एक प्रसंग टिपलाय. गामाने मालमाला आपलं मोठं लाकडी ॲस्ट्रोलेब, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र, दाखवलं. तो थक्क होईल अशी अपेक्षा असावी. त्याला काहीच नवल वाटलं नाही. तांबड्या समुद्रातले लोक असली यंत्रं वापरतात, म्हणाला, आम्ही वेगळं वापरतो, आणि तीन फळ्या काढून दाखवल्या. पोर्तुगीजांनी त्या लिस्बनला नेल्या. 1500 साली पोर्तुगीज दर्यावर्दी काब्रालच्या ताफ्यातल्या मेस्त्रे जुआंव या जाणकाराने ब्राझीलच्या किनाऱ्यावरून राजाला पत्र लिहिलं, त्यात या ‘हिंदुस्थानच्या फळ्यां’चा उल्लेख आहे. त्याची एक तक्रारही आहे: जहाज जरा डुललं की चार-पाच अंशांची चूक होते.

तारे कळले म्हणजे समुद्र कळला असं मात्र नाही. परतीच्या वेळी वाऱ्याचा हंगाम नव्हता. कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून 5 ऑक्टोबरला निघालेल्या गामाला आफ्रिका गाठायला तीन महिन्यांना जेमतेम तीन दिवस कमी लागले. जाताना जो समुद्र तेवीस दिवसांत ओलांडला होता, त्याच समुद्रात स्कर्वीच्या रोगाने तीसेक माणसं गेली.

पुढचा भाग बहुतेकांना माहीत असतो: ताऱ्यांची उंची मोजणारं अष्टकयंत्र, मग त्याच कामाचा सेक्स्टंट, समुद्रातही अचूक वेळ दाखवणारी हॅरिसनची घड्याळं, शेवटी उपग्रह. कमाल मागे पडली. अमेरिकेच्या नौदल प्रबोधिनीने तारे मोजण्याचं शिक्षणही बंद केलं होतं आणि 2015 मध्ये पुन्हा सुरू केलं, कारण उपग्रहांचे संदेश बुजवता येतात.

जुनी नावं मात्र पाण्यावर टिकून राहिली. इराणच्या आखातात आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला अरब खलाशी सुहैली म्हणतात. सुहैल उगवतो त्या अंगाचा वारा. मुंबईत 1960 च्या दशकात सागवानात बांधलेल्या एका छोट्या शिडाच्या बोटीला हेच नाव दिलं गेलं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 रोजी ती ‘सुहैली’ घेऊन इंग्लंडातून एकटा निघाला आणि 22 एप्रिल 1969 रोजी कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून परतला. असं करणारा तो पहिला माणूस. सोबत सेक्स्टंट होता.