एमसीबी पडली नाही, तरी वायर जळाली

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पंचगंगा घाटाच्या अंगाला माझ्या मावशीचं घर आहे. गेल्या थंडीत तिच्या न्हाणीघरात गिझर लावला की जळकट वास यायचा आणि बोर्डातून बारीक चरचर ऐकू यायची. वायरमननं मेन स्विच पाडून बोर्ड उघडला. सॉकेटच्या न्यूट्रल स्क्रूपाशी वायरचं आवरण बोटाच्या पेराएवढं काळंठिक्कर पडलेलं. तांब्याच्या तारांची टोकं वितळून मोहरीसारखे मणी झालेले. तळाशी २०२१ च्या महापुराचा गाळ, वाळून पापडी झालेला.

"मावशी, कधीपास्नं चरचरतंय हे?"

"दिवाळीपास्नं. पण एमसीबी कुठं पडली? म्हटलं, सगळं ठीक असंल."

तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात. म्हणजे मावशी रोज अंघोळीचं पाणी तापवत होती, तेव्हा भिंतीत तेवढी धग होती आणि एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा खटका, शांत बसली होती. ती बिघडलेली नव्हती. हे तिचं कामच नव्हतं, ते ठिणगी ओळखून वीज तोडणाऱ्या आर्क-फॉल्ट ब्रेकरचं, आणि हीच गोष्ट घरोघरी कळावी असं मला फार वाटतं.

एमसीबी फक्त प्रवाह किती वाढला ते पाहते. थोडा जादा प्रवाह बराच वेळ राहिला, तर तिच्यातली दोन धातूंची पट्टी तापून वाकते. एकदम प्रचंड वाढला, तर विद्युतचुंबक झटक्यात खटका ओढतो. मावशीचा गिझर २००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर. एमसीबी १६ ची. स्क्रू ढिला झाल्यावर वीज फटीतून उडी मारायला लागली, पण तिला पुढं गिझरमधूनच जायचं होतं. त्यामुळं प्रवाह वाढला नाही, उलट किंचित घटला. विजेची गळती पकडणारी आरसीसीबीही इथं गप्पच राहते. गेलेली आणि परतलेली वीज यांत फरक पडला, तर ती तोडते. इथं गेली तेवढी परत येत होती.

आता त्या फटीत काय चाललं होतं ते बघू. ठिणगीच्या वाटेवर वीस-पंचवीस व्होल्ट जरी खर्ची पडले, तरी आठ अँपिअरला दोनशे वॅटच्या आसपास उष्णता होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं डाख लावायचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. तशी आठ आयर्न जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या जागेत! त्या धगीनं पीव्हीसीचं आवरण करपतं आणि मागं कोळसा उरतो. कोळसा वीज वाहून नेतो, खरी गोम तिथंच आहे. आपली वीज सेकंदाला ५० फेरे मारते, म्हणजे १०० वेळा शून्यावर येते आणि दर वेळी ठिणगी विझते. स्वच्छ तांब्याच्या फटीत ती पुन्हा पेटायला जड जातं. कोळशाची वाट तयार झाली की लगेच पेटते. अशी पेटत-विझत राहणारी ठिणगी म्हणजे आर्क.

आर्क-फॉल्ट ब्रेकर नेमकी ही पेटविझ ओळखतो. दर शून्यापाशी प्रवाह क्षणभर अडतो, लाटेचा आकार तिथं सपाट होतो आणि पेटताना उच्च वारंवारतेची खरखर उठते. घरात आकाशवाणी सांगली लागलेलं असताना मिक्सर सुरू केला की रेडिओ खरखरतो, त्याच जातीची ही. ब्रेकरमधली चिप हे सगळं सतत तपासत असते.

पण मिक्सरच्या कार्बन ब्रशमध्येही ठिणग्या उडतातच की! चटणी वाटताना घराची वीज गेली, तर तो ब्रेकर दुसऱ्या दिवशी काढूनच टाकतील. म्हणून चिपला खोड ओळखावी लागते: ही खरखर दर अर्ध्या फेऱ्याला थांबते का, वेडीवाकडी आहे का, टिकून राहते का. खात्री पटली की मग वेळ लावायचा नाही. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, २३० व्होल्टवर ५ अँपिअरची आर्क अर्ध्या सेकंदात आणि १६ अँपिअरची ०.१५ सेकंदात तोडावी लागते. अमेरिकेच्या वीजसंहितेत हा ब्रेकर १९९९ च्या आवृत्तीत आला. झोपण्याच्या खोल्यांना तो २००२ पासून लागू झाला. आपल्याकडच्या घरात अजून क्वचितच दिसतो, आणि साध्या एमसीबीपेक्षा बराच महाग आहे.

उंदरानं वायर कुरतडली, किंवा भिंतीत खिळा ठोकताना फेज-न्यूट्रल दोन्ही सोलले गेले, तर आर्क थेट त्या दोघांत होते. तिथंही आर्क-फॉल्ट ब्रेकर कामाला येतो, कारण असा प्रवाह तुकड्यातुकड्यानं वाहतो आणि 'सी' जातीच्या १६ च्या एमसीबीचा चुंबक ८० अँपिअरच्या आत ओढतच नाही.

एक गोष्ट मात्र त्यालाही दिसत नाही. ढिला स्क्रू ठिणगी न उडवता नुसताच तापत राहिला, तर लाट बिघडत नाही. म्हणून पुराचं पाणी शिरलेल्या घरातले बोर्ड उघडलेच पाहिजेत. गाळ ओल धरतो, तांबं हिरवं पडतं, पकड सैल होते आणि वर्षा-दोन वर्षांनी चरचर सुरू होते. नुसतं वाळवून भागत नाही.

वायरमननं सॉकेट बदलला, गाळ खरवडला आणि वायर मागं कापत गेला. पहिल्या कापात तांबं काळं निघालं, दुसऱ्यात तपकिरी. तिसऱ्यांदा, वीतभर मागं, लालसर लखलखीत तार लागली.