फेझ : परागंदा माणसांनी वसवलेलं शहर

मोरोक्कोतल्या फेझच्या जुन्या शहरात बहुतेक प्रवासी ज्या दरवाजातून शिरतात, तो बाब बू जलूद. बाहेरच्या बाजूने निळ्या नक्षीदार फरशा, आतल्या बाजूने हिरव्या. प्रत्येकजण तिथे थांबून फोटो काढतो आणि मनात म्हणतो, केवढं प्राचीन! हा दरवाजा १९१३ सालचा आहे. फ्रेंचांनी मोरोक्को आपल्या संरक्षणाखाली घेतल्यानंतर वर्षभरात तो उभा राहिला. मूळचा मध्ययुगीन दरवाजा शेजारीच आहे, लहानसा आणि साधा, आणि त्याच्याकडे फारसं कुणी वळून पाहत नाही.

ही गोष्ट सुरुवातीलाच सांगायचं कारण असं, की फेझमध्ये एक दिवस फिरलं तर समोर दिसणारं सगळं एकसारखंच जुनं वाटतं. गाढवं, खेचरं, तांबटांची ठकठक, कातड्यांचे कुंड, मिनार, सगळं एकाच काळातून उचलून आणल्यासारखं. प्रत्यक्षात हे शहर थरांनी बनलेलं आहे, आणि जवळजवळ प्रत्येक थराच्या तळाशी आपलं घर सोडून आलेली माणसं आहेत.

पहिला परागंदा माणूस म्हणजे खुद्द शहराचा संस्थापक. प्रेषित मुहंमदांच्या वंशातला इद्रीस ७८६ साली मक्केजवळ अब्बासी खलिफाच्या सैन्याशी झालेल्या लढाईतून निसटला आणि मजल दरमजल करत उत्तर आफ्रिकेच्या पार पश्चिम टोकाला पोचला. वालिला या जुन्या रोमन नगरीच्या परिसरातल्या बर्बर टोळ्यांनी त्याला आसरा दिला आणि आपला इमाम मानलं. त्याने ७८९ च्या सुमारास फेझ नदीच्या उजव्या तीरावर वस्ती वसवली. त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलाने, दुसऱ्या इद्रीसने, ८०९ च्या सुमारास डाव्या तीरावर दुसरं गाव उभारलं. दोन गावं, मध्ये नदी.

मग ती भरायला माणसं आली. ८१८ मध्ये स्पेनमधल्या कॉर्डोबात अमीर पहिल्या अल-हकमविरुद्ध नदीपलीकडच्या उपनगरात उठाव झाला. अमीराने तो चिरडला, ते सगळं उपनगर जमीनदोस्त केलं आणि वाचलेल्यांना देशाबाहेर काढलं. काही अलेक्झांड्रियाकडे गेले, काही फेझला येऊन उजव्या तीरावर राहिले. तो भाग झाला अंदलुस. ट्युनिशियातल्या कैरवानहून आलेली कुटुंबं डाव्या तीरावर स्थिरावली. तो झाला करविय्यीन. बाराशे वर्षं झाली, तरी ही नावं बदललेली नाहीत. आपण कुठून आलो हे त्या लोकांनी वस्तीच्या नावातच कोरून ठेवलं.

दोन्ही तीरांच्या तटबंद्या वेगळ्या होत्या, राज्यकर्तेही अनेकदा वेगळे, आणि भांडणं कायमची. अकराव्या शतकात, १०७० च्या सुमारास, अल्मोराविद या बर्बर घराण्याच्या युसुफ इब्न ताशफीनने शहर जिंकलं आणि मधल्या भिंती पाडून त्याचं एक गाव केलं. फेझचं खरं वैभव सुरू झालं ते इथून, आणि त्याच्या मुळाशी पाणी होतं. शहर उतारावर आहे. पश्चिमेकडून येणारी फेझ नदी वरच्या अंगाला अडवून, पाटांत वाटून, मशिदी, हमामखाने, कारंजी, पिठाच्या चक्क्या आणि घरोघरच्या चौकांपर्यंत नेलेली होती. सांडपाणी वेगळ्या वाटांनी खाली उतरून शहराच्या मधल्या ओढ्याला मिळायचं आणि पुढे सबू नदीत जायचं. मध्ययुगातल्या अरबी भूगोलकारांनी फेझचं कौतुक करताना पाण्याचा उल्लेख केल्यावाचून सोडलं नाही. पण ज्याच्या हाती वरचा पाट, त्याच्या हाती शहर. ११४६ मध्ये वेढा घालून बसलेल्या, अल्मोराविदांचे प्रतिस्पर्धी असलेल्या अलमोहाद घराण्याच्या अब्द अल-मूमिनने नदीलाच बांध घातला, पाणी साठू दिलं आणि मग ते एकदम सोडून तटबंदीला खिंडार पाडलं.

तेराव्या शतकात मरीनी घराणं आलं. त्यांनी फेझला राजधानी केलं आणि १२७६ मध्ये जुन्या शहराच्या पश्चिमेला, पाण्याच्या वरच्या अंगाला, आपलं स्वतंत्र राजनगर उभारलं. ते फेस जदीद, म्हणजे नवं फेझ. ‘नवं’ म्हणतात त्याला साडेसातशे वर्षं होत आली! जुन्या शहरातल्या विद्वानांवर आणि व्यापाऱ्यांवर ताबा ठेवायचा, पण त्यांच्या गल्ल्यांत राहायचं नाही, हा हिशेब त्यामागे उघड दिसतो. विद्वानांना आपलंसं करायला मरीनींनी मदरसे बांधले. १३२५ मध्ये पुरा झालेला अत्तारीन मदरसा अत्तरं आणि मसाल्यांच्या बाजाराच्या तोंडाशी आहे. तलाआ कबीरा या मुख्य उतारावरचा बू इनानिया १३५० ते १३५५ या काळात सुलतान अबू इनानने उभारला. खाली फरशांची नक्षी, मध्ये कोरलेला गिलावा, वर देवदाराचं लाकूड. नजर पायाशी सुरू होते आणि छतापर्यंत वर जात राहते.

याच सुलतानाच्या हुकमाने, जवळपास याच वर्षांत, याच शहरात आणखी एक काम चाललं होतं. टँजियरहून १३२५ मध्ये निघालेला आणि जवळजवळ तीस वर्षं जग पाहून परतलेला इब्न बतूता आपल्या प्रवासाची हकिकत सांगत होता आणि इब्न जुझय्य नावाचा लेखनिक ती लिहून घेत होता. १३५५ च्या अखेरीस ते सांगणं संपलं. त्यात दौलताबादचा किल्ला आहे, सिंदाबूर नावाने गोवा आहे आणि नंदुरबारही आहे. नंदुरबारला मराठे राहतात, ते कलाकुसरीत निपुण आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, त्यांचं खाणं भात, भाज्या आणि तिळाचं तेल, अशी नोंद त्याने केली. आपल्या खानदेशातल्या एका गावचं चौदाव्या शतकातलं जेवणाचं ताट फेझमध्ये कागदावर उतरलं. बू इनानियाच्या भिंतींवर गिलावा कोरणाऱ्या कारागिरांच्या हातोड्या तेव्हा त्याच शहरात वाजत होत्या, हे मनात आलं की तो मदरसा माझ्यासाठी परका राहत नाही.

उतार संपतो तिथे शहराचं काळीज आहे, करविय्यीन मशीद. परंपरा सांगते की कैरवानहून आलेल्या कुटुंबातल्या फातिमा अल-फिहरी या स्त्रीने वारशात मिळालेल्या पैशातून ८५९ मध्ये ती बांधली आणि तिची बहीण मरियम हिने पलीकडच्या तीरावर अंदलुस मशीद. ही कथा चौदाव्या शतकातल्या बखरीतून आपल्यापर्यंत आली आहे. मशिदीच्या दुरुस्तीत सापडलेल्या एका लाकडी लेखात मात्र ८७७ हे साल आणि दाऊद या इद्रीसच्या वंशजाचं नाव आहे. इतिहासकारांत त्यावरून मतभेद आहेत. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की शहराने आपल्या सगळ्यात मोठ्या वास्तूचं श्रेय परमुलखातून आलेल्या दोन बहिणींना दिलं आणि शतकानुशतकं अभिमानाने सांगितलं.

अल्मोराविदांनी ११३४ ते ११४३ या काळात मशीद वाढवली. आज तिथे सुमारे २० हजार माणसं एका वेळी नमाज पढू शकतात. भोवताली शिक्षणाचं मोठं केंद्र वाढलं आणि १९६३ मध्ये ते आधुनिक सरकारी विद्यापीठ झालं. इतिहासकार इब्न खल्दूनने १३९६ मध्ये आपल्या ग्रंथाची प्रत इथल्या ग्रंथालयाला दिली. वाचायला बाहेर न्यायची तर विश्वासू माणसालाच द्यावी, अनामत घ्यावी आणि दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू देऊ नये, अशी अट त्याने घातली होती. पुस्तकं उसनी देऊन हात पोळलेल्या प्रत्येकाला ती पटेल. बिगरमुस्लिमांना मशिदीत प्रवेश नाही. दारातून चौक आणि कारंजं दिसतं, तेवढंच. हा नियम पक्का केला तो रेसिडेंट जनरल, म्हणजे मोरोक्कोतला फ्रान्सचा सर्वोच्च अधिकारी, ल्योते याने.

जवळच दुसऱ्या इद्रीसची समाधी आहे. १४३७ मध्ये त्याचे अवशेष सापडल्याचं जाहीर झालं आणि इद्रीस शहराचं दैवत झाला. समाधीकडे जाणाऱ्या गल्ल्यांवर एक लाकडी दांडा आडवा बसवलेला असतो. त्याच्या आत हुर्म, म्हणजे अभयक्षेत्र. आत शिरलेल्या माणसाला कुणी पकडू शकत नसे, आणि ओझ्याचं जनावरही दांड्याअलीकडेच थांबे. भोवती मेणबत्त्या, धूप आणि मिठाईची दुकानं आहेत. वार्षिक मौसमात, म्हणजे उत्सवात, आजही कारागिरांच्या जमाती मिरवणुकीने येऊन समाधीवर भरजरी चादर चढवतात.

त्या कारागिरांशिवाय फेझची ओळख पुरी होत नाही. सफ्फारीन चौकात तांबट कढया ठोकतात. नदीकाठी शुआराचे कुंड आहेत. वास्तविक त्यांची जागाच सगळं सांगते. कातडी कमवायला पाणी भरपूर लागतं आणि घाणही भरपूर होते, म्हणून हा धंदा उताराच्या तळाशी. कातडी आधी चुन्याच्या पाण्यात मुरतात, केस खरवडले जातात, मग ती कबुतरांच्या विष्ठेच्या कुंडात जातात. त्याने कातडं मऊ पडतं. मांड्यांपर्यंत पाण्यात उतरून माणसं ती पायांनी तुडवतात. वरच्या गच्चीवर उभ्या पाहुण्यांच्या हातात वास सहन व्हावा म्हणून पुदिन्याची काडी दिली जाते. खाली काम करणाऱ्याला ती मिळत नाही. तिथून फोटो काढताना एवढं तरी ध्यानात ठेवावं.

झलीज, म्हणजे फरशांचं तुकडेकाम, हा फेझचा दुसरा मानबिंदू. फेझच्या परिसरातली करडी माती भाजून, झिलई चढवून चौरस फरशा होतात. कारागीर मांडी घालून बसतो, जड हातोडीच्या धारेने एकेक आकार तोडतो. तारा, पाकळी, काडी, प्रत्येकाला नाव आहे. मग दुसरा माणूस हे तुकडे मांडतो, आणि ते पालथे मांडतो! रंगीत अंग जमिनीकडे, मातकट पाठ वर. त्याला समोर दिसतात फक्त करडे तुकडे. रंग डोक्यात असतो. पाठीवर गिलावा ओतून तो वाळला की सगळी पाटी उलटतात, आणि तेव्हाच नक्षी पहिल्यांदा उजेड पाहते.

फेस जदीदकडे वळलं की आणखी एका वस्तीची कहाणी लागते. यहुदी लोक फेझमध्ये अगदी सुरुवातीपासून होते. तत्त्वज्ञ मैमोनिडीस कॉर्डोबातून परागंदा झाल्यावर ११६० च्या सुमारास काही वर्षं इथेच राहिला. १४३८ मध्ये यहुद्यांना जुन्या शहरातून हलवून राजवाड्यालगत वसवलं गेलं. ती जागा मिठाच्या नावाने ओळखली जायची, म्हणून वस्ती झाली मल्लाह. हे नाव पुढे साऱ्या मोरोक्कोत यहुदी मोहल्ल्याला चिकटलं. राजवाड्याच्या सावलीत संरक्षण होतं आणि नजरकैदही होती. दोन्ही एकाच भिंतीने दिलं. १४९२ मध्ये स्पेनने यहुद्यांना हाकललं, तेव्हा निर्वासितांचा नवा लोंढा आला. जुने ‘तोशाविम’ आणि नवे ‘मेगोराशिम’ यांची प्रार्थनामंदिरं आणि रीतीभाती बराच काळ वेगळ्या राहिल्या. त्याच वर्षी ग्रॅनडा गमावलेल्या शेवटच्या मुस्लिम सुलतानानेही आयुष्याची अखेर फेझमध्येच काढली. मल्लाहची घरं एका नजरेत ओळखू येतात. मुस्लिम घर बाहेर कोरी भिंत दाखवतं आणि आतल्या चौकात उघडतं, इथे मात्र लाकडी सज्जे थेट रस्त्यावर आले आहेत.

३० मार्च १९१२ रोजी फेझच्या तहाने मोरोक्को फ्रान्सच्या अंमलाखाली गेला. १७ एप्रिलला मोरोक्कन शिपायांनी बंड केलं आणि त्याच्या वणव्यात मल्लाह लुटली, जाळली गेली. हजारो यहुदी राजवाड्याच्या आवारात शिरले, आणि सुलतानाच्या प्राणिसंग्रहाच्या पिंजऱ्यांतही माणसांनी रात्री काढल्या.

त्यानंतर राजधानी रबातला गेली. ल्योते आणि त्याचा नगररचनाकार आंरी प्रोस्त यांनी ठरवलं की जुन्या शहराला हात लावायचा नाही, युरोपियनांसाठी काही अंतरावर वेगळं नवं शहर वसवायचं. म्हणून फेझच्या गल्ल्यांवर बुलडोझर फिरला नाही, मोटारी शिरल्या नाहीत आणि आजही ‘बालाक! बालाक!’ अशी हाळी ऐकून खेचराला वाट द्यावी लागते. पण या जपणुकीत ‘तुम्ही तिकडे, आम्ही इकडे’ हा भेदही होता. वीज, रुंद रस्ते, कचेऱ्या, पैसा नव्या शहरात गेला, व्यापार कॅसाब्लांकाला. जुनी फासी, म्हणजे फेझची, घराणी हळूहळू तिकडेच निघून गेली. त्याआधी त्यांनी शहराला स्वातंत्र्यलढ्याचं केंद्र मात्र करून ठेवलं होतं. बर्बर प्रदेशांना वेगळा कायदा लावणाऱ्या १६ मे १९३० च्या फर्मानाविरुद्ध करविय्यीनमध्ये सामूहिक प्रार्थना झाल्या, आणि राष्ट्रीय चळवळीचा नेता अलाल अल-फासी इथलाच.

१९४८ नंतरच्या दोन-तीन दशकांत मल्लाहही रिकामी झाली. देशभरात तेव्हा अडीच लाखांच्या आसपास यहुदी होते, आता दोन-तीन हजार उरले आहेत. सतराव्या शतकातलं इब्न दनान प्रार्थनामंदिर दुरुस्त करून जपलं आहे, आणि वस्तीच्या टोकाला पांढऱ्याशुभ्र थडग्यांचं कब्रस्तान आहे.

रिकाम्या झालेल्या घरांत खेड्यांतली माणसं आली. एका कुटुंबाच्या हवेलीत खोलीगणिक एक बिऱ्हाड, चौकातलं कारंजं कोरडं, त्यावर वाळत घातलेले कपडे. भिंतींना टेकू लागले. १९८१ मध्ये युनेस्कोने फेझला जागतिक वारसा ठरवलं, मोरोक्कोतलं पहिलं ठिकाण म्हणून. दुरुस्त्या झाल्या, करविय्यीनचं ग्रंथालय २०१६ मध्ये पुन्हा सजलं, पुष्कळ हवेल्यांची हॉटेलं झाली. गावाकडून आलेल्या भाडेकरूंना या शहराच्या इतिहासात उपरे मानण्याची सवय बऱ्याच लेखकांना आहे. मला ती पटत नाही. कॉर्डोबाहून आलेले, कैरवानहून आलेले, ग्रॅनडाहून आलेले जर फेझचे, तर उत्तरेकडच्या रीफच्या डोंगरातून आलेलेही फेझचेच.

पूल ओलांडून अंदलुस वस्तीत गेलं की पर्यटक विरळ होतात. तिथल्या मोहल्ल्यांत मशीद, हमाम, पाणवठा, पोरांची कुराणशाळा आणि सार्वजनिक भट्टी हे पंचक आजही काही ठिकाणी जवळजवळ दिसतं. घरी कणीक मळायची, लाकडी फळीवर गोल भाकऱ्या मांडायच्या, वर फडकं टाकायचं आणि पोराच्या डोक्यावर देऊन भट्टीवर धाडायचं. भट्टीवाला लांब फळ्याने त्या एकामागून एक आत सरकवतो. कुठली भाकरी कुणाच्या घरची, हे त्याला नुसतं बघून कळतं.