चिंचेनं घासलेली शिवराई

साताऱ्याकडच्या जुन्या घरांत शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचा तांब्याचा जुना पैसा, बहुधा देव्हाऱ्यातच सापडते. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तांब्या-पितळेची भांडी निघतात, त्यांच्याबरोबर तीही चिंच-मिठानं घासली जाते आणि दुसऱ्या दिवशी हळदकुंकू लावून पाटावर बसते. आमच्या आत्यानं अशीच एक माझ्या तळहातावर ठेवली. "बघ की, कितीची असंल? मोबाईलवर लाखाला हाय म्हणत्यात."

नाणं गुलाबी, लखलखीत. एका बाजूला मधलं 'राजा' पूर्ण, वरच्या 'श्री'चं नुसतं बूड, खालच्या 'शिव'मधला 'व' अर्धा काठाबाहेर. पलटलं तर 'छत्र' ठसठशीत आणि त्याखाली एकटा 'प'. भोवतीच्या ठिपक्यांच्या वर्तुळातले जेमतेम सहा-सात ठिपके शिल्लक. नाणं खरं होतं. लाखाचं नव्हतं. या दोन्ही गोष्टी का, ते समजायला साडेतीनशे वर्षं मागं जावं लागतं.

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या निमित्तानं सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली गेली. एका अंगाला 'श्री राजा शिव' तीन ओळींत, दुसऱ्या अंगाला 'छत्र पति' दोन ओळींत. आजूबाजूच्या मुलखात नाण्यांवर फारसी अक्षरं असताना इथं देवनागरी होती. समारंभाला आलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलानं ईस्ट इंडिया कंपनीच्या मागण्यांत एक कलम असंही आणलं होतं की इंग्रजांचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. महाराजांचं म्हणणं पडलं की त्याला कलम कशाला हवं. नाणं कसाला आणि वजनाला उतरलं तर लोक आपणहून घेतील, न उतरलं तर घ्या म्हणून सक्ती करणार नाही. नाणं पारखायची खरी कसोटी मला अजूनही हीच वाटते. त्या काळी नाण्याची किंमत छापावर कमी आणि तराजूवर जास्त ठरायची. शराफ नाणं हातात घेऊन तोलायचा, झिजलेलं असेल तर बट्टा कापायचा. रुपयाला किती शिवराया, हेही गावागणिक आणि हंगामागणिक बदलायचं.

तांबं मात्र इथलं नव्हतं. सतराव्या शतकात डच व्यापारी जपानचं तांबं जहाजांनी हिंदुस्थानात आणून विकत. वेंगुर्ल्याला त्यांची वखार होतीच. परदेशी धातू असा महाग पडत असताना वजन राखणं किती अवघड गेलं असेल, ते उघड आहे. सुरुवातीच्या शिवराया तोळ्याच्या, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या, आगेमागे भरतात. पुढच्या काळातल्या पुष्कळ त्याहून हलक्या आहेत.

आता ती घडायची कशी, ते बघू. तांब्याचे तुकडे छिन्नीनं तोडायचे, तापवून ठोकायचे, चकती झाली की दोन ठशांमध्ये धरून वरून घण घालायचा. चकती पूर्ण गोल नाही, ठसा तिच्याहून मोठा, आणि धरणारा हात माणसाचा. म्हणून शिवराईवर सगळा मजकूर क्वचितच पुरता उतरतो. काठाला तडे जातात, एक बाजू जाड तर एक पातळ राहते, ठसा सरकला तर अक्षर दुहेरी उमटतं. हे तिचे दोष नव्हेत, तिचा जन्मदाखला आहे. सगळी अक्षरं मधोमध, वर्तुळाचा एकूण एक ठिपका जागेवर आणि काठ बांगडीसारखा गोल, अशी शिवराई कुणी पुढं केली तर मी आधी हात मागं घेतो.

जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि मराठी सत्तेची राजधानी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आली. इथं एक मजेची गोष्ट घडली. मराठ्यांच्या टांकसाळी चांदीच्या रुपयावर दिल्लीच्या बादशहाचंच नाव घालत राहिल्या. पुण्याचा अंकुशी रुपयाही त्यातलाच. बादशहाचं बळ सरलं तरी त्याच्या नावावरचा बाजाराचा विश्वास टिकून होता. तांब्याचं तसं नव्हतं. भाजीवाली, नावाडी, देवळातला गुरव यांच्या हातात फिरणाऱ्या पैशावर शिवछत्रपतींचं नाव राहिलं, आणि ते त्यांच्या पश्चातही शतकभराहून जास्त काळ राहिलं. म्हणजे नाणं महाराजांच्या नावाचं आहे, म्हणून ते महाराजांच्या हयातीतलं ठरत नाही. देव्हाऱ्यातल्या बहुतेक शिवराया पेशवाईतल्या आहेत, आणि 'लाखाला' या अफवेचं मूळ इथंच आहे. रायगडचा सोन्याचा होन दुर्मिळ, म्हणून त्याला लाखांची बोली लागते. तांब्याची शिवराई अनेक टांकसाळींतून पिढ्यान् पिढ्या पडत राहिली, त्यामुळं साधी झिजलेली शिवराई काही शे रुपयांतच जाते.

टांकसाळीही सगळ्या सरकारी नव्हत्या. परवाना काढून, सरकारात रक्कम भरून खासगी माणसं नाणी पाडत. ठसा कोरणारा बदलला की अक्षराचं वळण बदलायचं: कुठं 'शिव', कुठं 'सिव', 'पति'ची वेलांटी कधी ऱ्हस्व तर कधी दीर्घ. मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली ती दुदांडी. ती पुढच्या काळातली. कुठं चंद्रकोर, कुठं त्रिशूळ, कुठं बेलाचं पान. हौशी संग्राहक मोल करतो ते याच फरकांचं. नेहमीच्या ठशाची चकचकीत शिवराई शेकड्यात जाईल, पण वेगळ्या खुणेची कळकट शिवराई तिच्या कितीतरी पट मिळवून देते.

फेब्रुवारी १८१८ मध्ये सातारचा किल्ला इंग्रजांकडे गेला. त्यानंतरही शिवराई चालतच होती. १८३५ च्या कायद्यानं कंपनीचा एकच रुपया सगळीकडं आला आणि त्याच्या जोडीला १०० ग्रेनचा, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅमचा, यंत्रावर पाडलेला पाव आणा. रुपयाला चौसष्ट, हा हिशेब पक्का झाला, शराफाच्या तराजूचं काम उरलं नाही. तरी खेड्यापाड्यांतून जुना जड पैसा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फिरत राहिला. पुढं तो कुठं मोडीत गेला, कुठं वजन म्हणून वापरला गेला, आणि उरलेला देव्हाऱ्यात गेला.

१८१८ हे साल आणखी एका नाण्यावर भेटतं आणि त्याचा मला खरा राग आहे. मारुती, रामपंचायतन किंवा ॐ असलेलं, 'ईस्ट इंडिया कंपनी, वन आना, १८१८' असं लिहिलेलं तांबडं नाणं जत्रेतल्या पालांवर राजरोस विकलं जातं. असं नाणं कंपनीनं कधीच पाडलं नाही. मुंबई इलाख्यात तेव्हा तराजूच्या चित्राचा पैसा चालायचा, आणि आख्ख्या आण्याचं वेगळं नाणं आलं ते विसाव्या शतकात, तेही तांबं-निकेलच्या मिश्रणाचं. हेच खेळण्यातलं नाणं पुढं 'राइस पुलर' होतं: तांदूळ ओढतं, आत दैवी शक्ती आहे, परदेशातली अंतराळ संस्था कोटींना घेणार. या थापेवर लोकांची आयुष्यभराची पुंजी लुटल्याचे गुन्हे देशभर नोंदले गेले आहेत. तांबं लोहचुंबकालासुद्धा ओढलं जात नाही, तांदळाचं काय घेऊन बसलात!

नकली शिवराई त्या मानानं साधी. मूळ नाणं ठोकीव, नकली बहुधा ओतीव. भिंग लावलं की ओतीव नाण्याच्या सपाट भागावर सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत, काठावर कधी साच्याच्या जोडाची रेघ. पाच शिवराया शेजारी मांडा. पाचही नाण्यांवर तडा एकाच जागी असेल तर त्या एकाच साच्यातून आल्या. वाजवून बघू नका. 'खणखणीत नाणं' हा वाक्प्रचार चांदीला शोभतो. तडा गेलेली खरी शिवराईही बद्दच वाजते.

राहिली प्रत, म्हणजे नाणं किती चांगलं टिकलंय ते. आज जगभर नाण्याला १ ते ७० गुण देतात. ती पट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकन माणसानं १९४९ मध्ये आणली, आणि तीही तांब्यासाठीच: अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी. पण तो सेंट दाबयंत्रावरचा. त्याची पट्टी घणाखालच्या शिवराईला जशीच्या तशी लावली की घोळ होतो, कारण इथं न उमटलेलं अक्षर वेगळं आणि झिजलेलं अक्षर वेगळं. ठसा चकतीबाहेर गेला तर तो भाग नव्हताच. ठसा उमटून बोटांनी पुसला गेला तर ती झीज. आत्याच्या नाण्यातला 'राजा' अजून उठावदार होता, त्याचा काना नखाला लागत होता. झीज फार नव्हती.

गेली होती ती कांती. तांबं हवेत राहून आधी तपकिरी होतं, मग काळपट, कुठं हिरवट. हा थर चढायला पिढ्या जातात. चिंचेतलं आम्ल तो एका दुपारीत खातं आणि खाली बारीक ओरखडे राहतात. संग्राहक असं नाणं 'घासलेलं' म्हणून बाजूला सारतो, किंवा भाव पाडून घेतो. बाजारातले काहीजण मग त्यावर रसायनानं खोटा काळेपणा चढवतात. स्पिरिटचा बोळा फिरवला तर तो कापसाला लागून येतो. भुगा सुटणारा हिरवा गंज मात्र खरोखरच धातू खातो, तेवढ्यापुरतं जाणकाराकडं न्यावं.

घरातल्या नाण्याचा प्रश्न एवढाच. शेतात नांगराला हंडा लागला तर गोष्ट वेगळी: १८७८ च्या गुप्तधन कायद्यानं दहा रुपयांवरचं सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ती दहाची मर्यादा बघून कुणालाही हसू येईल, पण कायदा चालू आहे.

हे सगळं मी आत्याला सांगितलं, जरा जास्तच सविस्तर. तिनं नाणं पदराला पुसलं आणि हळदीचे डाग पडलेल्या डबीत ठेवलं.

"म्हंजे घासू नको म्हणतोस. आन् देवापुढं काय काळं नाणं ठेवू?"