ग्रीसचा धूर आणि शनिवार-रविवारची टोळी: माउंटन बाइक कुठून आली

आधी कोस्टर ब्रेक काय असतो ते सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. हँडलला ब्रेकची दांडी नाही, वायर नाही, काही नाही, पायडल उलटं दाबलं की मागच्या चाकाच्या हबमधला, म्हणजे मधल्या गाभ्यातला, ब्रेक पकडतो आणि सायकल थांबते. सपाट गल्ल्यांमधून पेपर टाकत फिरणाऱ्या पोराला एवढं भरपूर झालं. पण हीच सायकल घेऊन कोणी डोंगरावरून सुसाट खाली यायला लागलं, आणि तेही पूर्ण वेळ त्या एकाच ब्रेकवर, तर सगळी उष्णता त्या मुठीएवढ्या हबमध्ये कोंडते, आतलं ग्रीस उकळतं, जळतं आणि धूर होऊन बाहेर पडतं. पायथ्याला पोचेपर्यंत हब कोरडा ठणठणीत. मग पुन्हा वर जायचं तर हब उघडा, पुसा, नवीन ग्रीस भरा. म्हणजे रिपॅक करा. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत फेअरफॅक्स गावाजवळ एक मातीचा फायर रोड आहे, त्याचं नाव याच कामावरून पडलं, रिपॅक.

आज वीकेंडला मित्रांबरोबर चढ-उताराच्या ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या मातीच्या वाटेवर, माउंटन बाइक घेऊन जाणाऱ्या कुणालाही विचारलं की हे सुरू कुठून झालं, तर फिरून फिरून याच रस्त्यावर येतो आपण. सुमारे ३.४ किलोमीटरमध्ये १३०० फूट (जवळपास ४०० मीटर) उतार, म्हणजे सरासरी काढली तर १०० मीटरला जवळपास १२ मीटर खाली, आणि सरासरी फसवी असते हे ज्याने एकदा तरी असा उतार उतरलाय त्याला सांगायला नको. खडी, पावसाच्या पाण्याने पडलेल्या घळी, आंधळी वळणं. आग लागली तर बंबाची गाडी जावी म्हणून केलेला रस्ता, सायकलसाठी नाहीच.

मंडळी कोण होती तर गंमत म्हणजे बहुतेक सगळे रोड रेसिंगवाले. व्हेलो क्लब तमालपायस नावाचा त्यांचा क्लब, बारीक टायरच्या हलक्या सायकली, कडक ट्रेनिंग वगैरे. त्यातला गॅरी फिशर, ज्याला १९६० च्या दशकात केस फार लांब आहेत म्हणून रेसमधून बाहेर ठेवलं होतं. चार्ली केली, जो एका रॉक बँडचं सामान हलवायचं काम करायचा. जो ब्रीझ, ज्याला फ्रेम बनवता यायची. आठवडाभर रोडवर घाम गाळायचा आणि मग मजा म्हणून भंगारातून आणलेल्या १९३० - ४० च्या दशकातल्या जाडजूड सायकली घेऊन मरीनमधल्याच माउंट तमालपायस या डोंगराच्या आसपास हुंदडायचं, असा एकूण कार्यक्रम. या सायकलींना ते क्लंकर म्हणायचे, खडखड आवाज करणारं धूड अशा अर्थाने. श्विन कंपनीचं एक्सेलसियर मॉडेल सगळ्यांचं लाडकं, कारण फ्रेम मजबूत. वजन वीस किलोच्या पुढे. अशा सायकलवर चढ चढणं शक्यच नाही, एकच गिअर, त्यामुळे वर जाताना ढकला किंवा कोणाच्या तरी पिकअप ट्रकमध्ये सायकली टाकून जा. हे लक्षात ठेवा, या खेळाची सुरुवात उतारापासून झालीये, चढणं नंतर आलं.

आणि अगदी पहिले हेही नव्हेत. त्याच डोंगरावर त्यांच्या थोडं आधी जवळच्या लार्क्सपूर गावची काही पोरं अशाच जुन्या सायकलींवर उतार मारत होती.

मग नेहमीचा वाद, सगळ्यात फास्ट कोण. चार मित्र उतारावरून एकत्र सुटले की खाली पोचल्यावर प्रत्येकाकडे आपण कसे जिंकलो असतो याची एक गोष्ट असतेच, आमच्यातही एक जण आहे ज्याची चेन कायम ‘ऐन वेळी’ पडते. केलीने यावर सरळ उपाय काढला. २१ ऑक्टोबर १९७६ ला रिपॅकवर टाइम ट्रायल ठेवली, सगळ्यांना एकदम न सोडता दोन-दोन मिनिटांच्या अंतराने एकेकाला सोडायचं, आणि वर एक घड्याळ, खाली एक घड्याळ. पहिल्या रेसला जेमतेम दहा-एक जण, ॲलन बाँड्स जिंकला, आणि तो का जिंकला तर न पडता खाली पोचणारा तो एकटाच होता म्हणून! मला हा निकाल आजही सगळ्यात प्रामाणिक वाटतो. पुढे १९८४ पर्यंत रिपॅकवर एकूण २४ रेस झाल्या, रेकॉर्ड गॅरी फिशरचं, ४ मिनिटं २२ सेकंद, जो ब्रीझ त्याच्या मागे फक्त दोन सेकंदांनी.

आता कोणी म्हणेल, डोंगरात सायकल काय हे लोक पहिल्यांदा घेऊन गेले का? अजिबात नाही. १८९७ मध्ये अमेरिकन लष्कराच्या २५ व्या इन्फंट्रीतले कृष्णवर्णीय सैनिक लेफ्टनंट जेम्स मॉसबरोबर मोंटानातल्या मिसूलाहून सेंट लुईसला सायकलवर गेले, सुमारे ३००० किलोमीटर, ४१ दिवस, चिखल, डोंगर, नद्या, खांद्यावर रायफल आणि सायकलवर सगळा बाडबिस्तरा. पॅरिसजवळ १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हेलो क्रॉस क्लब पॅरिसियाँ नावाची वीसेक पोरांची टोळी सायकलींना मोपेडचं सस्पेन्शन लावून मातीत उड्या मारत होती. इंग्लंडमध्ये १९५५ ला रफ स्टफ फेलोशिप निघाली, त्यांचा शौक म्हणजे जिथे रस्ता नाही तिथे सायकल न्यायची, चालवता आली तर चालवायची नाहीतर उचलून न्यायची. आपल्यातल्या बऱ्याच जणांची राइड आजही खरं तर याच प्रकारात मोडते.

मग श्रेय मरीनला का? माझं मत असं की सायकल त्यांनी शोधली नाही, त्यांच्याकडे टोळी बरोबर जमली होती. एक फ्रेम बनवणारा, एक पार्टची खटपट करणारा, एक लिहिणारा, आणि वेंडे क्रॅगसारखी एक जण जी स्वतः त्या उतारावरून उतरायची आणि वर सगळ्यांचे फोटोही काढायची. आज रिपॅकचे जे जुने फोटो दिसतात, जीन्स घातलेली, जाड बूट घातलेली मंडळी धुळीतून वळण घेताना, त्यातले कित्येक तिचे आहेत. पॅरिसची पोरं मोठी झाली आणि पांगली. मरीनमध्ये सोमवार उजाडल्यावरही हे लोक त्याच विषयावर बोलत बसले.

याचा सगळ्यात चांगला पुरावा गिअरचा. डिसेंबर १९७४ ला मरीनमध्येच एक सायक्लोक्रॉस, म्हणजे चिखल-मातीतली सायकल रेस होती, तिथे कॅलिफोर्नियातल्याच कूपर्टिनोहून मॉरो डर्ट क्लबची काही पोरं आली, जुन्या जाड टायरच्या सायकली पण त्यांना डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा), हँडलवर अंगठ्याने बदलायचे गिअर आणि दमदार ब्रेक. मरीनवाल्यांनी ते डोळे भरून पाहिलं. कूपर्टिनोची पोरं नंतर वेगवेगळ्या वाटांना लागली आणि विषय संपला, इकडे मात्र फिशरने आपल्या क्लंकरला गिअर लावले, ड्रम ब्रेक लावले, त्याला मोटरसायकलच्या ब्रेक लिव्हर जोडल्या. वजन अजून वाढलं पण आता सायकल ढकलायची गरज नाही, बसून पायडल मारत वर जाता येतं! इथे खरा फरक पडला बघा. ट्रकमध्ये टाकून वर नेऊन खाली सोडायची वस्तू होती, तिची दिवसभर डोंगरात भटकायची सायकल झाली.

दुसरीकडे कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूट गावात वेगळंच नाटक. ॲस्पेनचे काही मोटरसायकलवाले पर्ल पास नावाची खिंड ओलांडून आले आणि गावातल्या बारसमोर ऐटीत गाड्या लावून बसले. गावातल्या पोरांना ते काही सहन झालं नाही, मग १९७६ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी आपल्या गावात फिरायच्या खटारा सायकली काढल्या आणि त्याच पासवरून, सुमारे १२,७०० फूट उंचीवरून, उलट ॲस्पेनला गेले. दोन दिवस लागले, सायकल चालवण्यापेक्षा ढकलणंच जास्त झालं असणार. १९७८ ला मरीनची मंडळी आपल्या गिअरवाल्या सायकली घेऊन या टूरला गेली, आणि जुन्या एका गिअरच्या धुडांसमोर त्या कशा दिसल्या असतील याची कल्पना करा.

तोपर्यंत जुन्या फ्रेम संपत आल्या होत्या. संपत म्हणजे मोडत. चाळीस वर्षांपूर्वी पेपर टाकणाऱ्या पोरांसाठी बनवलेल्या फ्रेम किती दिवस टिकणार. १९७७ ला जो ब्रीझने क्रोमोलीच्या, म्हणजे हलक्या पण मजबूत पोलादाच्या, नळ्या घेऊन खास या कामासाठी आपली पहिली फ्रेम बनवली, ब्रीझर नंबर एक, ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पुढे टॉम रिची नावाचा फ्रेम बनवणारा यात आला, आणि १९७९ ला फिशर आणि केलीने त्याच्या फ्रेमवर सायकली जोडून विकायला कंपनी काढली, नाव ठेवलं माउंटनबाइक्स. नावाचा ट्रेडमार्क त्यांना काही मिळाला नाही आणि म्हणून आज तुम्ही-आम्ही सगळेच तो शब्द फुकट वापरतोय. १९८१ ला स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर ही सायकल आली, जपानमध्ये मोठ्या संख्येने बनवलेली, तिथून हा खेळ ओळखीतल्या फ्रेम बनवणाऱ्याकडून सुटला आणि दुकानात पोचला.

यात चाकाची एक गोष्ट सांगायची राहिली. पुढची वीस-पंचवीस वर्षं माउंटन बाइकचं चाक २६ इंचीच का होतं? काही शास्त्रीय कारण नाही हो. श्विनने १९३३ ला बलून, म्हणजे जाड फुगीर टायरची सायकल काढली तो टायर २६ गुणिले २.१२५ इंचाचा, क्लंकरला तोच होता, नवीन सायकली बनवताना बाजारात मिळणारा जाड टायर तोच, म्हणून तोच राहिला. १९९९ च्या सुमाराला रोड सायकलच्या रिमवर, म्हणजे ६२२ मिलीमीटरवर बसणारा जाड टायर आला तेव्हा कुठे २९ इंची चाकाची चर्चा सुरू झाली, आणि त्यावर जी भांडणं झाली ती विचारू नका. मोठं चाक दगडा-मुळांवरून सहज जातं हे मान्य करायला लोकांना दहाएक वर्षं लागली.

सीटचीही तीच कथा. चढाला सीट उंच हवी, पाय नीट सरळ व्हायला, आणि उतारावर खाली हवी, नाहीतर वजन मागे टाकता येत नाही आणि सायकल तुम्हाला हँडलवरून पुढे फेकते. म्हणजे ग्रुप प्रत्येक चढ संपला की थांबणार, सीट खाली करणार, उतार संपला की परत थांबणार, सीट वर, आणि मधे एकाचा सीट आवळणारा क्लॅम्प अडकलेला असणारच. १९८० च्या दशकात ब्रीझने एका जोडीदाराबरोबर हाइट राइट नावाची स्प्रिंग काढली, चालत्या सायकलवर क्लॅम्प सैल करायचा, अंगाच्या वजनाने सीट खाली दाबायची, उठलं की स्प्रिंग ती परत वर आणते. किती साधं! तरी मधे ते मागे पडलं आणि २००० नंतर हँडलवरच्या बटणाने खालीवर होणारी ड्रॉपर पोस्ट आली तेव्हा सगळ्यांना वाटलं काय नवीन शोध लागलाय. माझ्या मते ट्रेलवर मित्रांचा सगळ्यात जास्त वेळ कोणत्या पार्टने वाचवला असेल तर ड्रॉपरने, सस्पेन्शनचा नंबर त्याच्या मागे.

बाकी रेसिंगचा इतिहास पटकन सांगतो कारण तो कुठेही सापडतो. १९८३ ला अमेरिकेत नोर्बा ही माउंटन बाइक रेसिंगची संघटना झाली, १९९० ला कोलोरॅडोतल्या डुरँगोला पहिली अधिकृत वर्ल्ड चॅम्पियनशिप, क्रॉस कंट्रीत, म्हणजे चढ-उतार दोन्ही असलेल्या रेसमध्ये, नेड ओव्हरएंड आणि जुली फुर्टाडो जिंकले, डाउनहिलमध्ये, म्हणजे फक्त उताराच्या रेसमध्ये, ग्रेग हर्बोल्ड रॉकशॉक्स कंपनीचा नवाकोरा, पुढच्या चाकाचे धक्के शोषणारा सस्पेन्शन फोर्क लावून जिंकला आणि मग प्रत्येकाला फोर्क हवा झाला. १९९६ ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्री आलं. रिपॅकपासून मोजलं तर वीसच वर्षं.

पण या वीस वर्षांत डोंगरावर दुसरंही काही चाललं होतं. सायकली वाढल्या तशी पायी चालणारे आणि घोडेवाले वैतागले, आणि त्यांची बाजू अगदीच खोटी नव्हती, शांत पायवाटेवर वळणावरून कोणीतरी आवाज न करता वेगात समोर आलं की कोणाचाही जीव दचकतो. मरीनमध्येच सिंगलट्रॅक म्हणजे अरुंद पायवाटा सायकलला मोठ्या प्रमाणावर बंद झाल्या, रेंजर लोक रडार गन घेऊन वेग मोजायला उभे राहिले, दंड व्हायला लागले. १९८८ ला कॅलिफोर्नियातल्या काही क्लबांनी मिळून इम्बा ही माउंटन बाइकवाल्यांची संघटना काढली ती याच भांडणातून, की ट्रेल हवे असतील तर शनिवारी फावडं घेऊन ते दुरुस्त करायलाही या. ट्रेल बांधायचं शास्त्रही असंच वाढलं, पाणी वाटेवर साचू न देता बाजूला कसं काढायचं, सरळ खाली न उतरता डोंगराच्या कुशीने वाट कशी फिरवायची, जेणेकरून टायरने माती उकरली जाणार नाही.

रिपॅक अजून आहे आणि सायकल न्यायला परवानगीही आहे. फिशरचं रेकॉर्ड हिशेबाने ताशी सरासरी ४६ किलोमीटरचं होतं. आता तिथे वेगमर्यादा ताशी १५ मैल आहे, म्हणजे जेमतेम २४ किलोमीटर.