स्तातो चिव्हीले आणि अनाग्राफे: इटालियन पूर्वज शोधताना कोणतं दप्तर कशासाठी

इटलीत प्रत्येक गाव कुठल्या तरी कोमूनेत येतं. कोमूने म्हणजे तिथली नगरपालिका किंवा ग्रामपंचायत. या कोमूनेत माणसांच्या नोंदींची दोन वेगळी दप्तरं असतात: एक स्तातो चिव्हीले, म्हणजे जन्म, विवाह, मृत्यूच्या नोंदी; दुसरं अनाग्राफे, म्हणजे रहिवाशांची कुटुंबवार नोंद. लहान गावात दोन्ही एकाच खोलीत आणि एकाच कारकुनाच्या ताब्यात असतात. दोन्हींत जुनी नावं, जुन्या तारखा, तीच आडनावं. त्यामुळे परदेशातून पत्र लिहिणाऱ्याला ती एकच वाटतात. पण पणजोबांचे आईवडील कोण होते, हे पहिलं दप्तर सांगतं. पणजोबा बोटीत बसले तेव्हा मागे राहिलेल्या त्यांच्या भावाबहिणींचं काय झालं, हे दुसरं सांगतं. नातेवाइकांना भेटायची मनापासून ओढ असलेली माणसं वर्षानुवर्षं पहिल्याच दप्तरात शोधत बसतात. जन्ममृत्यूंच्या तारखा साठत जातात आणि चुलत भावंडं काही सापडत नाहीत. याची मला फार हळहळ वाटते.

१८७६ ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख लोकांनी इटली सोडली. एकट्या १९१३ साली हा आकडा ८ लाख ७० हजारांच्या वर गेला. त्यातले बरेच परतले, पण जे ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिकेत राहिले त्यांची पतवंडं आता गाव शोधत आहेत. इटालियन आडनावाची सून किंवा जावई असलेली मराठी घरंही आता अमेरिकेत आहेत, आणि नातवंडांची वंशावळ एकाच बाजूने लिहून भागत नाही.

फरक ध्यानात ठेवायचा तर आपल्याकडचा जन्मदाखला आणि रेशनकार्ड डोळ्यांसमोर आणा. जन्मदाखला एका प्रसंगाचा असतो: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक जोडप्याला मूल झालं. तो पुढे बदलत नाही. रेशनकार्ड घराचं असतं: कुटुंबप्रमुख कोण, घरात कोण कोण राहतं, लग्न होऊन कोणाचं नाव कमी झालं, सून आल्यावर कोणाचं चढलं. स्तातो चिव्हीले पहिल्या जातीचं, अनाग्राफे दुसऱ्या.

स्तातो चिव्हीलेमधली जन्मनोंद एकदा नीट वाचण्यासारखी असते. तिचा मजकूर ठरीव असतो. साल अक्षरांत, दिवस, किती वाजून किती मिनिटं, कोमूनेच्या इमारतीत, माझ्यासमोर अमुक हजर झाला, वय बत्तीस, शेतकरी, राहणार अमुक. त्याने सांगितलं की अमुक रस्त्यावरच्या अमुक क्रमांकाच्या घरात त्याच्या बायकोला मुलगा झाला. ते मूल तो मला दाखवत आहे आणि त्याचं नाव अमुक ठेवत आहे. होय, बाळ खरोखरच कारकुनापुढे न्यायचा प्रघात होता. मग दोन साक्षीदार, त्यांची वयं, त्यांचे धंदे. शेवटी कोणी सही केली आणि कोणाला लिहिता येत नसल्यामुळे केली नाही, याची नोंद.

या मजकुरातले दोन छोटे शब्द फार कामाचे आहेत. बापाच्या नावापुढे ‘दी’ आणि मग आजोबांचं नाव असेल, तर आजोबा त्या दिवशी हयात होते. ‘फू’ असेल तर वारले होते. एकाच माणसाच्या दोन मुलांच्या जन्मनोंदी शेजारी ठेवल्या, थोरल्याच्या नोंदीत ‘दी’ आणि धाकट्याच्या नोंदीत ‘फू’ आला, की आजोबांची मृत्युनोंद कोणत्या वर्षांत शोधायची ते कळतं. समासही वाचायचा विसरू नका. पुढे झालेल्या लग्नाचा शेरा कित्येकदा तिथे असतो, त्या गावाच्या नावासकट. मात्र लग्न साओ पावलोत किंवा न्यूयॉर्कमध्ये झालं असेल आणि वकिलातीमार्फत कळवलंच नसेल, तर समास कोरा राहतो. त्यावरून माणूस अविवाहित होता असं धरू नये.

आणखी एका ठिकाणी हमखास गैरसमज होतो. १८६६ पासून १९२९ पर्यंत केवळ चर्चमध्ये लागलेलं लग्न सरकार मानत नव्हतं. कोमूनेत वेगळं लग्न करावं लागे. कित्येक जोडपी ते करत नसत, किंवा पुष्कळ उशिरा करत. मग मुलाच्या जन्मनोंदीत बाप स्वतःचं नाव देतो, पण आईचा उल्लेख ‘लग्न न झालेली, नात्यात नसलेली स्त्री’ एवढाच येतो. पणजी घरात सगळ्यांसमोर नांदत होती, फक्त सरकारदरबारी लग्न झालं नव्हतं. अशा नोंदीवरून घराण्याबद्दल भलते निष्कर्ष काढणं हा त्या बाईवर अन्याय आहे.

हे दप्तर कधीपासूनचं मिळेल ते प्रांतावर अवलंबून. देशभर ते १८६६ पासून सुरू झालं, पण दक्षिणेकडच्या नेपल्सच्या जुन्या राज्यात १८०९ पासून आहे, सिसिलीत १८२० पासून. ईशान्येकडचा व्हेनेतो प्रांत इटलीत उशिरा सामील झाला, तिथे १८७१ पासून. दक्षिणेकडच्या लोकांचं नशीब इथे चांगलं. तिथल्या विवाहनोंदींना जोडलेल्या कागदांत नवरानवरीचे जन्माचे उतारे, वारलेल्या आईवडिलांचे मृत्यूचे उतारे आणि वडील नसतील तर आजोबांचेही सापडतात. एका लग्नाच्या फाइलमध्ये तीन पिढ्या.

आता अनाग्राफे. डिसेंबर १८६४ च्या राजाज्ञेने लोकसंख्येची नोंदवही ठेवण्याचा नियम देशभर घातला गेला. तिचा आत्मा म्हणजे फोल्यो दी फामील्या, कुटुंबाचा तक्ता. वर कुटुंबप्रमुख, खाली बायको, मुलं, म्हातारी आई, लग्न न झालेली बहीण, कधी कामाला ठेवलेला पोरगा. प्रत्येकासमोर आईवडिलांची नावं, जन्मतारीख, जन्मगाव, धंदा, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. सगळं मोल त्या रकान्यात आहे. अमुक साली लग्न होऊन दुसऱ्या तक्त्यावर गेली, अमुक साली शेजारच्या कोमूनेत राहायला गेला, अमुक साली अमेरिकेला गेला. माणूस वारला किंवा घर सोडून गेला की त्याच्या ओळीवर रेघ मारतात. खोडलेली ओळ पाहून नवखा माणूस पुढे सरकतो. खरं तर तिथेच थांबायचं असतं, कारण तो माणूस कुठे गेला हे त्या ओळीसमोरच लिहिलेलं असतं.

म्हणजे स्तातो चिव्हीले वर चढतं: मुलगा, बाप, आजोबा. अनाग्राफे आडवं पसरतं: भावंडं, त्यांची घरं, त्यांची मुलं. जन्मनोंदीत भावंडांचा उल्लेख नसतो. पणजोबांना पाच भाऊ असले तरी त्यांच्या नोंदीत ते एकटेच दिसतात. ती भावंडं जन्मवह्यांतून शोधायची तर वीस-पंचवीस वर्षांच्या वह्या पानापानाने चाळाव्या लागतात, आणि तरी त्यातला कोण जगला, कोण गावातच राहिला ते कळत नाही. तक्त्यात ते सगळे एका पानावर असतात.

नावांचा घोळही इथेच सुटतो. पहिल्या मुलाला बापाच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, हा रिवाज बऱ्याच भागांत पाळला जाई. त्यामुळे पाच भावांच्या पाच थोरल्या मुलांचं नाव एकच, आडनाव एकच, गावही एकच. जन्मनोंदींच्या ढिगातून आपला जुझेप्पे कोणता हे ठरवणं कठीण. तक्त्यात तो आपल्या आईबापांच्या खाली बसलेला असतो. बहिणींचा माग काढणंही सोपं, कारण इटालियन दप्तरांत बाईचं माहेरचं आडनाव लग्नानंतरही तेच राहतं. माझा सल्ला असा की नातेवाईक हवे असतील तर बहिणींकडे आधी बघा. सासरच्या घराचं आडनाव वेगळं म्हणून परदेशातले शोधक त्यांना सोडून देतात, आणि गावात उरलेलं घर पुष्कळदा नेमकं बहिणीचंच असतं.

एक ठळक उदाहरण सर्वांना माहीत असलेल्या घराण्याचं घेऊ. पोप फ्रान्सिस यांचे वडील मारिओ बेर्गोल्यो १९०८ साली तोरिनोत (ट्यूरिनमध्ये) जन्मले. कुटुंबाचं मूळ गाव मात्र आस्तीजवळचं पोर्ताकोमारो. आजोबा तिथले, आजी साव्होना जिल्ह्यातल्या पियाना क्रीक्सियाची. पुढे घर आस्ती भागात परतलं आणि १९२९ साली सगळे जेनोव्हाहून अर्जेंटिनाला गेले. अशा घरातली वडिलांची जन्मनोंद हाती असलेला माणूस तोरिनोत नातेवाईक शोधत राहील आणि त्याला कोणी भेटणार नाही. घर कुठून आलं आणि कुठे परत गेलं, ते स्थलांतर टिपायचं काम अनाग्राफेचं. नातेवाईक पोर्ताकोमारोच्या बाजूला होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पोप आस्तीला गेले ते तिथल्या नात्यातल्या बहिणीच्या नव्वदाव्या वाढदिवसासाठी. याच कुटुंबाची तिकिटं आधी ‘प्रिंचिपेस्सा माफाल्दा’ या बोटीची काढलेली होती. मालमत्ता वेळेत विकली गेली नाही म्हणून प्रवास राहिला आणि ती बोट ऑक्टोबर १९२७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ बुडाली. अशी हकीकत कुठल्याच दप्तरात नसते, ती घरातल्या माणसांकडूनच कळते. तेवढ्यासाठी तरी नातेवाईक शोधावेत.

मग सगळे पहिल्याच दप्तरात का अडकतात? एक कारण सोय. स्तातो चिव्हीलेची एक प्रत कोमूनेत राहायची आणि दुसरी न्यायालयाकडे जायची. ती दुसरी प्रत कालांतराने राज्य पुराभिलेखागारात येते, आणि तिथून लाखो पानं ‘आंतेनाती’ या सरकारी पोर्टलवर फुकट पाहता येतात. घरबसल्या जे दिसतं तेच लोक शोधतात. दुसरं कारण नागरिकत्व. वंशाच्या आधारे इटालियन नागरिकत्व मागणाऱ्यांना जन्म, विवाह, मृत्यूच्या नोंदीच जोडाव्या लागतात. त्यामुळे शोध म्हणजे हेच कागद, असा समज पक्का झाला. २०२५ च्या कायद्याने हा हक्क मुख्यतः आईवडील किंवा आजीआजोबा इटालियन असलेल्यांपुरता मर्यादित केला, त्यामुळे पणजोबांवर दावा उभा करणाऱ्या पुष्कळांची वाट बंद झाली. पण नात्याचा हक्क कोणत्याही कायद्याने कमी झालेला नाही, आणि त्या कामाला अनाग्राफे तेव्हाही जास्त उपयोगी होतं, आजही आहे.

मिळण्याच्या रीतीत मात्र दोन्ही अगदी वेगळी. स्तातो चिव्हीलेची नोंद होऊन ७० वर्षं उलटली की तिची पूर्ण नक्कल कोणीही मागू शकतो. अनाग्राफेच्या वह्या बाहेरच्या माणसाला स्वतः चाळता येत नाहीत. कारण देऊन अर्ज करायचा, मग अधिकारी शोधून दाखला देतो. स्तातो चिव्हीलेच्या दाखल्यांना मुद्रांक लागत नाही, अनाग्राफेच्या दाखल्यांना सहसा लागतो. शंभर वर्षांपेक्षा जुन्या स्तातो चिव्हीले नोंदींसाठी मात्र आता कोमूनेला ३०० युरोपर्यंत शुल्क लावायची मुभा आहे, म्हणून आंतेनातीवर पान आधी शोधून वर्ष आणि नोंदीचा क्रमांक कळवलेला बरा. आणि एक गोष्ट: जानेवारी २०२२ पर्यंत सगळ्या कोमूने एका राष्ट्रीय डिजिटल अनाग्राफेत आल्या असल्या, तरी जुने तक्ते गावच्या कपाटातच आहेत. काही ठिकाणी ते आगीत, युद्धात, निष्काळजीपणात गेले. एका कोमूनेत १८७१ पासूनचे नीट लावलेले, शेजारच्या कोमूनेत काहीच नाही, असंही होतं.

तक्ते नसतील तर चर्चकडे वळावं. तिथेही हीच जोडी आहे. बाप्तिस्मा आणि विवाहाच्या वह्या ठेवण्याचा हुकूम १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने दिला. त्या स्तातो चिव्हीलेच्या जागी. ‘स्ताती देल्ले आनिमे’ म्हणजे पाद्रीने घरोघर जाऊन केलेली याद्यांची वही; ती १६१४ पासून सांगितली गेली आणि तिची मांडणी कुटुंबवार असते, अनाग्राफेसारखी.

कोमूनेला लिहिताना नुसतं ‘आमच्या घराण्याची सगळी माहिती पाठवा’ असं लिहिलं तर उत्तर येत नाही, आलं तर जन्माचा एक दाखला येतो. इटालियनमध्ये लिहा आणि नेमकं मागा: ‘स्तातो दी फामील्या स्तोरिको’, म्हणजे ऐतिहासिक कुटुंबदाखला. तो स्थलांतर केलेल्या पणजोबांच्या नव्हे, त्यांच्या वडिलांच्या कुटुंबाचा मागा. कुटुंबप्रमुखाचं नाव द्या, साधारण वर्ष द्या, आणि प्रत्येक सदस्याचं पुढचं स्थलांतर किंवा लग्न नोंदलेलं असेल तर तेही कळवावं असं लिहा. ब्राझीलमध्ये पणजोबा जुआँव झाले असले तरी पत्रात जोव्हान्नीच लिहायचं. गावच ठाऊक नसेल तर आधी बोटींच्या याद्या पाहा. १९०७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशांच्या यादीत मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि ठिकाण लिहिलेलं असतं.

दाखला आला की त्यातल्या गावात राहिलेल्या भावाचा किंवा बहिणीचा पुढचा तक्ता मागायचा, मग त्यांच्या मुलांचा. हयात माणसांपर्यंत पोचल्यावर मात्र दप्तराचा आग्रह सोडा. गावच्या महापौरांना किंवा पाद्रींना बंद पाकिटात पत्र पाठवून ते त्या घरी पोचवायची विनंती करा. त्यांनी उत्तर द्यायचं की नाही हे त्या घराला ठरवू दे. इटलीच्या परराष्ट्र खात्याने २०२४ हे मुळांच्या शोधाचं वर्ष म्हणून साजरं केल्यापासून कित्येक छोट्या गावांना अशा पत्रांची सवय झाली आहे. पत्रात पहिल्याच ओळीत लिहा की जमीन, घर, वारसा यांतलं काहीही नको आहे. शंभर वर्षांनी अचानक आलेल्या नातेवाइकाबद्दल पहिली भीती तीच असते. आणि पत्रासोबत तक्त्याची नक्कल जोडा, दोन भावांच्या ओळींवर खूण करून: हा तुमचा, हा आमचा.