परिचालन राखीव क्षमता : मूल्यनिर्धारण

वीजनिर्मिती संचाने किंवा साठवण यंत्रणेने चालू क्षणी न वापरता, पण सांगताच काही सेकंदांत वा मिनिटांत जाळ्याला देता येईल अशा रीतीने हाताशी ठेवलेली क्षमता म्हणजे परिचालन राखीव क्षमता. घाऊक वीजबाजारात तिचा दर कसा ठरतो, एवढाच प्रस्तुत नोंदीचा विषय आहे.

मोठा संच अचानक बंद पडला की जाळ्याची वारंवारता तत्काळ घसरू लागते. थंड पडलेला औष्णिक संच तापवून जाळ्याला जोडायला काही तास लागतात. म्हणून सामान्यतः एका वेळी संभवणाऱ्या सर्वांत मोठ्या बिघाडाइतकी राखीव क्षमता बाळगतात. यूरोप खंडाच्या एकजोड जाळ्यात प्राथमिक (म्हणजे काही सेकंदांत आपोआप मिळणाऱ्या) राखीवासाठी हा आकडा ३,००० मेगावॉट धरला जातो. जोडलेल्या संचावरची ‘फिरती’, बंद पण लवकर सुरू होणारी ‘न फिरती’ आणि वारंवारता सतत सावरणारी ‘नियामक’ असे तिचे ढोबळ प्रकार आहेत.

दराचे मूळ. राखीव ठेवलेल्या मेगावॉटसाठी इंधन जवळजवळ जळत नाही. मग तिला किंमत का? तीच क्षमता वीज विकायला वापरली असती तर जो नफा मिळाला असता, तो सोडावा लागतो म्हणून. अर्थशास्त्रात याला वैकल्पिक खर्च म्हणतात. समजा, दोन संच प्रत्येकी १०० मेगावॉटचे आहेत. पहिल्याचा खर्च मेगावॉट-तासाला २० आणि दुसऱ्याचा ५०. मागणी १२० मेगावॉट, दहा मिनिटांत मिळावे अशा राखीवाची गरज ६०. पण दुसरा संच दहा मिनिटांत जेमतेम ३० मेगावॉट चढू शकतो. उरलेले ३० राखीव पहिल्या, स्वस्त संचावर ठेवावे लागतात. म्हणून तो ७० मेगावॉटवर थांबतो आणि दुसरा ५० मेगावॉट पुरवतो. विजेचा दर ५० होतो, तर राखीवाचा ३०, कारण आणखी एक मेगावॉट राखायचा तर २० ची वीज सोडून ५० ची घ्यावी लागेल. पहिल्या संचाला वीज विकून ३० सुटतात आणि राखीव ठेवूनही ३०च मिळतात. त्यामुळे भार प्रेषण केंद्राचा (कोणत्या संचाने किती वीज द्यायची हे ठरविणाऱ्या यंत्रणेचा) आदेश मोडण्यात त्याचा काही फायदा उरत नाही. राखीवाची बोली शून्य असूनही दर शून्य नसतो, हा मुद्दा बाजाराच्या टीकाकारांच्या नजरेतून अनेकदा निसटतो.

वीज आणि राखीव यांचे वाटप एकाच गणितात सोडविले तरच हा दर आपोआप निघतो. न्यूझीलंडच्या बाजाराने १९९६ मध्ये सुरुवातीपासूनच असे एकत्रित गणित स्वीकारले. तेथे ६ सेकंदांचे आणि ६० सेकंदांचे राखीव वेगळे मोजतात. सर्वांत मोठा चालू संच जितकी जास्त वीज देत असेल तितके जास्त राखीव लागते, हेही त्याच गणितात येते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय बाजारात २००१ पासून वारंवारता-सेवांचे आठ बाजार होते. २०२३ मध्ये एका सेकंदाच्या सेवेचे दोन वाढले.

उलट, कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये राखीवाचे प्रकार एकामागून एक लिलावात काढले. प्रत्येकाची खरेदीची मात्रा ठरलेली, दर कितीही चढो. परिणामी सर्वांत हलक्या प्रतीच्या, संथ प्रतिसादाच्या राखीवाला चांगल्या राखीवापेक्षा जास्त भाव येऊ लागला. त्या जुलैत तो मेगावॉटला ९,९९९ डॉलरपर्यंत गेला. घाईने कमाल दर बांधावा लागला. पुढे १९९९ मध्ये हलक्या राखीवाऐवजी चढ्या प्रतीचे स्वस्त राखीव घेण्याची मुभा तेथील भार प्रेषण केंद्राला मिळाली. कोणत्याही खरेदीदाराला सुचावी अशी ही गोष्ट नियमात यायला वर्ष गेले.

मागणी वक्र व त्याच्या उगमाचा वाद. राखीव अपुरे पडले की वरचे गणित थांबते, कारण सोडण्यासारखी स्वस्त वीजच उरत नाही. तेव्हा दर राखीवाच्या उपयोगितेवरून काढतात : भारनियमन करावे लागण्याची संभाव्यता गुणिले (न पुरविलेल्या विजेचे मूल्य वजा विजेचा सीमांत खर्च). पहिले म्हणजे वीज न मिळाल्याने ग्राहकाचे होणारे नुकसान, दुसरा म्हणजे आणखी एक मेगावॉट-तास वीज निर्माण करण्याचा खर्च. संभाव्यता ०.१, ते मूल्य ९,००० आणि सीमांत खर्च ५० असल्यास राखीवाचा दर ८९५ येतो. राखीव जसजसे घटते तसतशी संभाव्यता वाढते. यातून उतरता मागणी वक्र मिळतो.

या वक्राचे श्रेय बहुधा हार्वर्डचे विल्यम होगन यांना दिले जाते. त्यांनी २००५ मध्ये आणि अधिक तपशिलाने २०१३ मध्ये तो मांडला. तथापि १९९० मध्ये सुरू झालेल्या इंग्लंड-वेल्स पूलमधील (तेथील घाऊक वीजबाजारातील) क्षमता-देयकाचे, म्हणजे उपलब्ध क्षमतेबद्दल संचांना मिळणाऱ्या रकमेचे, सूत्र हेच होते. तेथे न पुरविलेल्या विजेचे मूल्य आरंभी मेगावॉट-तासाला २,००० पौंड धरले होते. आणखी मागे गेल्यास एमआयटीचे फ्रेड श्वेप्पे व सहकाऱ्यांच्या १९८० च्या दशकातील तात्कालिक दराच्या (त्या त्या क्षणीच्या वीजदराच्या) सिद्धांतात तुटवड्याचा वेगळा घटक आढळतो. सूत्राचा उगम पूलमध्ये मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मात्र पूल हा दर आदल्या दिवशीच काढत असे. संच अनुपलब्ध दाखवून संभाव्यता फुगविण्याची आणि मग तो पुन्हा उपलब्ध दाखविण्याची सोय त्यात राही. वक्र प्रत्यक्ष वेळेशी जोडणे हे होगन यांचे खरे योगदान म्हणता येईल.

टेक्सासच्या बाजाराने हा वक्र जून २०१४ मध्ये, विजेच्या दरावरील अधिभाराच्या रूपात लागू केला. कमाल मूल्य ९,००० डॉलर. राखीव २,००० मेगावॉटच्या खाली गेले की संभाव्यता १ धरली जाई. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात या सूत्राची विसंगती उघड झाली. ग्राहक अंधारात असताना दर कमाल मर्यादेच्या बराच खाली राहिला, कारण खंडित केलेला भार मागणीतून वजा होत होता. नियामकांनी तो भार तुटवड्यात मोजण्याचा आदेश दिला आणि दर ९,००० वर नेला. भारनियमन संपल्यावरही तो तेथेच ठेवला गेल्याने मोठा वाद झाला. २०२२ पासून मर्यादा ५,००० डॉलर आणि संभाव्यता १ धरण्याची पातळी ३,००० मेगावॉट झाली.

अन्यत्र. ब्रिटनने २०१५ मध्ये असमतोलाच्या दरात (ठरलेल्यापेक्षा कमी-जास्त दिलेल्या वा घेतलेल्या विजेच्या दरात) तुटवड्याचा घटक आणला. यूरोप खंडात राखीव क्षमता प्रायः वेगळ्या लिलावात घेतात. भारतात २०२२ च्या विनियमांनुसार तृतीयक (म्हणजे सर्वांत संथ प्रतिसादाचे) राखीव वीज-विनिमय केंद्रांवर घेतात. निवडलेली पण न वापरलेली क्षमता आदल्या दिवशीच्या बाजारातील राखीव दराच्या दहा टक्के मिळवते, तीही युनिटला कमाल २० पैसे.

विद्युत् घट साठवणीत सोडलेला नफा चालू तासाचा नसून पुढच्या महाग तासाचा असतो. घटात किती वीज शिल्लक आहे हेही गणितात धरावे लागते. डिसेंबर २०२५ मध्ये टेक्सासने प्रत्यक्ष वेळेचे एकत्रित गणित सुरू केले, तेव्हा साठवणीचे भरणे व सोडणे एकाच प्रतिमानात घेतले.