इम्पॅक्ट (टंक)

इम्पॅक्ट : भित्तिपत्रके, जाहिराती व मथळे यांसाठी घडवलेला, जाड रेघांचा आणि रुंदीने आवळलेला रोमन लिपीतील शीर्षकटंक, म्हणजे मथळ्यांसाठीचा फॉन्ट. जाहिरात व्यवसायातील इंग्लिश आरेखक जेफ्री ली यांनी तो रेखाटला आणि शेफील्डच्या स्टीव्हन्सन ब्लेक या जुन्या टंकओतशाळेने तो १९६५ मध्ये धातूच्या खिळ्यांच्या (छपाईच्या सुट्या अक्षरठशांच्या) रूपात विक्रीस आणला. खिळाछपाईची सद्दी संपत आली असताना ओतल्या गेलेल्या शेवटच्या उल्लेखनीय टंकांपैकी तो एक होय.

जाड आणि अरुंद अक्षरांची ओढ त्या काळच्या आरेखकांत सर्वत्र होती. वाल्टर हेटनश्वायलर या स्विस आरेखकाचा श्माल्फेटे ग्रोटेस्क १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला होता, तर फ्रेड लँबर्ट यांचा कॉम्पॅक्टा लेट्रासेट कंपनीने १९६३ मध्ये काढला. इम्पॅक्ट याच कुळातला आहे.

दिलेल्या जागेत कागदावर जास्तीत जास्त शाई उमटावी, हा लींचा हेतू होता आणि टंकाची सारी घडण त्यातून आली आहे. लहान लिपीतील अक्षरांचे मुख्य अंग इतके उंच ठेवले आहे की ते मोठ्या लिपीच्या उंचीच्या जवळ पोहोचते. त्यामुळे ‘बी’, ‘डी’ यांच्या वर जाणाऱ्या आणि ‘पी’, ‘जी’ यांच्या खाली उतरणाऱ्या दांड्या अगदी आखूड राहतात व ओळी एकमेकींना जवळजवळ चिकटवून लावता येतात. उभ्या दांड्या जाड, पण ‘ओ’च्या पोटातील पोकळी मात्र उभ्या फटीएवढीच. ‘ई’ व ‘एस’ यांची तोंडे तर इतकी मिटलेली आहेत की मजकुराच्या आकारात छापल्यास ती बुजून जातात. परिच्छेदासाठी हा टंक वापरून मग तो वाचवत नाही असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे. ते त्याचे कामच नव्हे.

इम्पॅक्ट घरोघरी पोहोचला तो संगणकामुळे. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये वेबसाठी मोफत उपलब्ध केलेल्या टंकांत त्याचा समावेश होता व पुढे विंडोजबरोबर तो आपोआप येऊ लागला. छायाचित्रावर वर-खाली विनोदी ओळी टाकणाऱ्या मीमकर्त्यांनी तो उचलला, त्यामागे ही सहज उपलब्धता होतीच, पण तांत्रिक कारणही होते. पांढऱ्या अक्षराला काळी किनार दिली की ते उजळ आकाशावर आणि गडद सावलीवर सारखेच उठून दिसते. बारीक रेघेचे अक्षर अशा किनारीत गुदमरले असते, इम्पॅक्टची जाडी ती पेलते. या वापराने तो इतका ओळखीचा झाला की गंभीर मथळ्यासाठी तो निवडताना आज आरेखकाला दोनदा विचार करावा लागतो.

या टंकात ग्रीक व सिरिलिक (रशियन वगैरे भाषांची लिपी) अक्षरे आहेत, देवनागरी नाहीत, आणि त्याची युक्ती देवनागरीत जशीच्या तशी चालतही नाही. मराठी मथळ्यात शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांना जागा द्यावीच लागते. ‘मूर्ती’ या एका शब्दात वेलांटी, रफार आणि उकार तिन्ही आहेत. त्यामुळे ओळी फार जवळ आणता येत नाहीत. दांडी जाड करत नेली की ‘ण’मधील उभ्या रेघांची दाटी होते, ‘ष’च्या पोटातील तिरकी रेघ बुजते, आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांच्या गाठी उलगडत नाहीत. त्यामुळे शिरोरेषा व गाठी उभ्या दांडीपेक्षा बारीक ठेवण्यासारख्या तडजोडी कराव्या लागतात. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिलेल्या तेको या अरुंद टंकात चौकोनी वळणाची अक्षरे योजून पोटातील जागा राखली आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंक घडवणाऱ्या संस्थेने काढलेल्या ‘अनेक’ या टंकसमूहात तर जाडी आणि रुंदी या दोन्ही गोष्टी हव्या तशा कमी-अधिक करता येतात, त्यामुळे लांबलचक जोडाक्षरांचा मथळाही दिलेल्या रकान्यात बसवणे सोपे जाते.